परमेश्वराचे भय

दिवाळीच्या दिव्यांत भयाची गोष्ट काढणे हे जरा अवेळीच म्हणायचे. पण भय आणि दिवा यांचे नाते जुने आहे. अंधाराची भीती वाटली म्हणूनच कोणीतरी पहिली वात लावली असेल. तेव्हा वाचकांनी क्षमा करावी. ख्रिस्ती धर्मग्रंथात पुन्हा पुन्हा भेटणारा एक शब्दप्रयोग बरीच वर्षे माझी वाट अडवून उभा आहे. तो म्हणजे ‘परमेश्वराचे भय’.

अडचण अशी. नीतिसूत्रांचा कर्ता शहाणपणाची सुरुवातच या भयात आहे असे सांगतो. मार्टिन लूथरने १५२९ साली मुलांसाठी आणि साध्या संसारी माणसांसाठी एक छोटी प्रश्नोत्तरी लिहिली. तीत दहा आज्ञांचा अर्थ उलगडताना तो प्रत्येक वेळी देवाला भिणे आणि देवावर प्रेम करणे या दोन गोष्टी जोडीनेच सांगतो. आणि इकडे योहानाच्या पत्रात वाचावे, तर प्रेम पूर्णत्वाला पोचले की ते भीतीला घराबाहेर काढते! मग खरे कोणते? ज्याला भ्यायचे त्याच्यावर प्रेम कसे करायचे? वाघाला कोणी जवळ घेत नाही, आणि आईला पाहून कोणी पळत सुटत नाही.

शब्दाच्या मुळाशी गेले तर थोडा उजेड पडतो. जुन्या करारातला हिब्रू शब्द ‘यिरआ’ हा धसका आणि पूज्यभाव या दोन्हींना पुरून उरतो. आपल्या मराठीत तर भीतीचे एक कुटुंबच आहे. चोराची भीती, साहेबाचा दरारा, वडिलांचा धाक, पाहुण्याची भीड. यांतला एक शब्द उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहा, लगेच खटकेल. आणि ‘पापभीरू’ हा शब्द तर आपण कौतुकाने वापरतो. पापभीरू माणूस भित्रा असतो असे कोण म्हणेल?

संत ऑगस्टीन हा उत्तर आफ्रिकेतला बिशप पाचव्या शतकात होऊन गेला. त्याने योहानाच्या याच पत्रावर प्रवचने करताना एक संसारी दृष्टान्त दिला आहे. दोन स्त्रिया आहेत आणि दोघीही नवऱ्याला भितात. एकीच्या मनात पाप आहे. तिला भीती वाटते की नवरा येईल. दुसरीचे मन निर्मळ आहे. तिला भीती वाटते की नवरा निघून जाईल. प्रेम घालवते ती पहिली भीती. दुसरी प्रेमातूनच जन्मते. पुढे तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने दासाचे भय आणि लेकराचे भय असा भेदच करून ठेवला.

आम्हां मास्तरांना हा भेद वर्गात रोज दिसतो. आता शाळेतून छडी गेली. २००९च्या कायद्यानेच तिला कायमची रजा दिली. पण छडीच्या काळातही एक वर्ग मास्तर असेपर्यंतच शांत असे, आणि त्याच वर्गात एखादा पोर असा निघे की मास्तर बाहेर गेले तरी शेजाऱ्याच्या वहीत डोकावत नसे. पहिल्यांना छडीचे भय होते. दुसऱ्याला वाटे, आपल्यावर टाकलेला विश्वास मोडेल. मोठेपणीही दारूच्या दुकानाशी थबकून परत फिरणारा माणूस आईच्या माराला भीत नाही. तिच्या जिवाला लागेल याला भितो.

बायबलमध्ये भीतीची पहिली कबुली आदामाच्या तोंडी येते. देवाचा आवाज ऐकला, भ्यालो आणि लपलो, असे तो सांगतो. हे दासाचे भय. ते माणसाला झाडाआड नेते. पण एका स्तोत्रकर्त्याने याच्या अगदी उलट बोलून ठेवले आहे. तो देवाला म्हणतो की तुझ्यापाशी क्षमा आहे, म्हणून लोक तुझे भय धरतात. शिक्षा आहे म्हणून नव्हे, क्षमा आहे म्हणून! न्यायाधीशाने दंड केला तर माणूस तो भरून मोकळा होतो. क्षमा केली तर मात्र तो जन्माचा बांधला जातो.

आणि या भयाचे फळ काय? निर्गमाच्या पहिल्या अध्यायात शिप्रा आणि पुवा या दोन सुइणींची हकीकत आहे. मिसरच्या राजाने त्यांना हुकूम केला की इब्री बायकांना मुलगा झाला तर तो जन्मतःच मारून टाका. त्या देवाला भीत होत्या, म्हणून त्यांनी मुले जगवली. पृथ्वीवरच्या सर्वांत बलाढ्य राजापुढे दोन सुइणी ताठ उभ्या राहिल्या त्या भयाच्या बळावर. गंमत पाहा, ग्रंथाने राजाचे नाव नोंदवलेले नाही, सुइणींची मात्र नोंदवली आहेत.

नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. देवाच्या नावाने माणसांनी माणसांना भिवविले आहे. आपल्या शेजारी गोव्यात १५६० साली आलेले धर्मन्यायासन मधली काही वर्षे सोडता १८१२पर्यंत टिकले. तिथे लोकांना जो धसका बसला तो पेद्र्यांचा आणि कोठडीचा; त्याने घराघरांत कुजबुज आणि चुगली वाढविली. त्याला परमेश्वराचे भय म्हणणे हा त्या शब्दाचाच अपमान होय. कोणत्याही धर्माचे लोक देवाच्या भयाची भाषा बोलू लागले, की आपण एवढेच विचारावे: या भयाने माणूस लपतो आहे, की राजासमोर उभा राहतो आहे?

येशूच्या बोलण्यातही नरकाचा उल्लेख आहे. तो पुसून टाकून गोड अर्थ लावणे मला पटत नाही. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात तो शिष्यांना सांगतो की शरीर मारणाऱ्यांना भिऊ नका, आत्म्याचाही नाश करू शकणाऱ्याला भ्या. पण पुढच्याच श्वासात तो कवडीमोल चिमण्यांची गोष्ट काढतो. त्यांतली एकही देवाला नकळत पडत नाही, तुमच्या डोक्यावरचे केससुद्धा मोजलेले आहेत, तेव्हा भिऊ नका, असे म्हणतो.

भ्या आणि भिऊ नका, दोन्ही एकाच तोंडून. मला यात आता विसंगती दिसत नाही. माणसाच्या मनात मोठ्या भयाला एकच आसन असते. ते रिकामे राहिले की तिथे साहेब येऊन बसतो, जातभाई बसतात, ‘लोक काय म्हणतील’ हे बसते. ज्याने केस मोजले आहेत त्याला तिथे बसविले, म्हणजे बाकीच्यांना उभेच राहावे लागते.