वहीतला कोरा रकाना

नवरात्र उठलं की डोंबिवलीला मामीच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. पाचशे चाळीस चौरस फुटांचं घर. दिवाणाखाली पत्र्याचे डबे, दिवाणावर भाजणीच्या पिशव्या, टीव्हीपुढे वजनकाटा. मामा त्या पंधरा दिवसांत गॅलरीत उभ्यानं जेवतो आणि त्याबद्दल तक्रारही करत नाही, कारण तक्रार करायला आत यावं लागेल.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, त्यामुळे नात्यात कुणी चार पैसे कमवायला लागलं की वही माझ्यापुढे येते. दोन वर्षांपूर्वी मामीनं चकलीचा हिशेब दाखवला. चाळीस किलो चकली, ४८० रुपये किलो, म्हणजे १९,२०० रुपये. डाळी, तांदूळ, धणे-जिरे, तीळ आणि तेल मिळून ९,६००. गॅस आणि पिशव्यांचे १,४००. उरले ८,२००. ‘किलोमागे दोनशे सुटले की रे!’ मामी खूश होती.

मी उगाच विचारलं, किती दिवस लागले? भाजणी भाजून-दळून आणायला एक, चकल्या पाडून तळायला सहा. रोज आठ तास. एकटीनं? छे, सोऱ्या सासूबाईंच्या हातात, कढई हिच्याकडे. एकशे बारा तास. मी भागाकार केला : तासाला त्र्याहत्तर रुपये. हाताखाली बाई ठेवली असती तर तिनं याहून जास्त मागितले असते. मामीनं कॅल्क्युलेटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, ‘तुला तास मोजायला कुणी सांगितलं होतं?’

प्रश्न रास्त होता. कारण बँकेत असताना मीही तास मोजले नव्हते. लहान धंद्याला कर्ज देताना जो अर्ज भरून घ्यायचो, त्यात जागेचा रकाना असे. घरून धंदा करणाऱ्यांच्या अर्जावर आम्ही बिनदिक्कत लिहायचो : जागा स्वतःची, भाडे शून्य. घरच्या माणसांची मजुरी, शून्य. त्यामुळे नफा चांगला दिसे आणि कर्ज मंजूर होई. आपण एका घराला बिनपगारी कामाला लावतोय, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

मामीच्या ८,२०० रुपयांना नफा म्हणणं कठीण आहे. त्यात दोन बायकांची मजुरी आहे, घराचं पंधरा दिवसांचं भाडं आहे, मिक्सरची झीज आहे आणि मामानं स्टेशनपासून वाहून आणलेल्या तेलाच्या डब्यांची हमाली आहे. हे सगळं घरानं सोडून दिलं म्हणून तो आकडा उभा राहतो. बाजारपेठेतला फरसाणवाला भाडं आणि कारागिराचा पगार धरून भाव ठरवतो. मामी ते धरत नाही म्हणून तिला स्वस्त विकता येतं. आणि समोरच्या इमारतीतल्या बाईही ते धरत नाहीत, म्हणून त्या ४६० ला विकतात. दोघींची स्पर्धा चालते ती कुणाचं घर जास्त सोसतं यावर.

गिऱ्हाईकही यात सामील आहे, म्हणजे आपणच. पिशवीवर ‘घरगुती’ लिहिलेलं असलं की आपला हात आधी तिकडे जातो. घरच्या तेलाची खात्री, घरची चव, वगैरे. भाव ऐकला की तोच शब्द उलटा फिरतो : ‘घरीच तर करता, मग एवढं महाग कसं?’ परदेशी मुलांना फराळाचं पार्सल पाठवताना कुरिअरवाल्यानं किलोला जो दर सांगितला तो मुकाट्यानं देणारी माणसं मामीशी दहा रुपयांसाठी घासाघीस करताना मी पाहिली आहेत.

एवढं वाचून कुणाला वाटेल की हा माणूस घरगुती धंद्याच्या विरोधात आहे. तसं नाही. मामीनं त्या पैशांतून स्वतःच्या नावानं आवर्ती ठेव उघडली, तेव्हा लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि तोवर तिची सही लागेल असा एकही कागद घरात नव्हता. सासूबाईंचं दुखणं आणि मुलीची दहावी सांभाळून तिला आठ-सत्तावनची लोकल धरणं शक्य नव्हतं. नोकरीनं तिला कधीच घेतलं नसतं. भांडवलही नावाला लागलं. धंदा फसला असता तर फार तर महिनाभर चकल्या खाव्या लागल्या असत्या. दुकान थाटून हात पोळलेले लोक मी बँकेत टेबलापलीकडे बसलेले पाहिले आहेत, त्यामुळे या सोयीची किंमत मला कळते.

प्रश्न घरात धंदा करावा की नाही हा नाहीच. भाव कोण ठरवतं आणि खराब निघालेला माल कुणाच्या बोकांडी बसतो, हे विचारायला हवं. घराच्या चार भिंती बाहेरून सारख्याच दिसतात. आतला धंदा मात्र याच दोन गोष्टींवरून ओळखावा.

सोलापूरच्या विडी कामगार बायकांचं उदाहरण घ्या. कारखान्यातून पत्ता म्हणजे विडीचं पान, तंबाखू आणि सूत आणायचं, पान भिजवायचं, फर्म्यावर कातरायचं, वळायचं, बांधायचं, आणि विड्या मोजून परत द्यायच्या. मजुरी हजाराच्या हिशेबानं. घर तिचं, पाठदुखी तिची, घरभर उडणारी तंबाखूची भुकटी लेकरांच्या श्वासात. भाव मात्र मालकाचा. तपासणीत ज्या विड्या नापास होतात ती ‘छाट’. छाटीची मजुरी नाही. कारखान्यातून आलेला पत्ता पुरला नाही तर पदरचे पैसे घालून बाजारातून आणायचा. याला घरगुती व्यवसाय म्हणायला जीभ धजावत नाही, पण ‘घरी बसून काम’ या गोड शब्दांत ते सहज बसतं. छाटीचा जाच इतका की कायद्याखालच्या नियमांना तिच्यावर मर्यादा घालावी लागली.

१९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यात याबाबत एक विलक्षण भेद होता. मालकानं दिलेल्या मालावर घरी विड्या वळणारी बाई कामगार ठरे. पण स्वतःच्याच घरात, स्वतःसाठी, घरच्यांच्या मदतीनं वळणाऱ्याला तो कायदा लागू नव्हता. म्हणजे धंदा खरोखर तुमचा असेल तर कायदा उंबऱ्याबाहेर थांबणार. तत्त्व योग्यच, आपल्या स्वयंपाकघरात निरीक्षक आलेला कुणाला चालेल? पण मग मालकांनाही तेच सोयीचं. कामगार बायका घरात पांगवल्या की कागदावर त्या स्वतंत्र धंदेवाल्या दाखवता येतात. घरी बसून काम करणाऱ्यांना कामगाराचा दर्जा देणारा करार आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९६ मध्ये केला. भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

आता याच्या शेजारी लिज्जत ठेवून पाहा. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. त्याची गोष्ट यशोगाथा म्हणून इतकी सांगून झाली आहे की तिच्यातला व्यवहार कुणी पाहत नाही. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात आणि काम थांबलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली. ही युक्ती मला त्या ऐंशी रुपयांपेक्षा मोलाची वाटते, कारण वाळवणासारखं पिढ्यान् पिढ्या उन्हाच्या भरवशावर चाललेलं काम तिनं बारमाही केलं. पुढे पद्धत बसली ती अशी : पीठ शाखेत एकत्र मळायचं, सभासद बहिणींनी ते घरी नेऊन लाटायचं, दुसऱ्या दिवशी पापड शाखेत पोचवायचे आणि लाटणावळ घ्यायची. खराब पापड इथंही परत येतो. काम घरातच, मजुरी नगावरच, म्हणजे वरवर पाहता सोलापूरसारखंच. फरक एवढाच की लाटणारी बाई संस्थेची मालकही आहे. नफ्यात तिचा वाटा आहे. तिनं लाटलेल्या पापडाचा भाव तिच्यासारख्याच बायका ठरवतात.

तिसरी गोष्ट गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांची. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार गाळ्यांत राहायचे आणि पाळीप्रमाणे एखाद्या बाईकडे जेवायचे. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक. कामगार पैसे पगार झाल्यावर देणार, तोवर वाण्याची उधारी, म्हणून वाणी सांगेल तो भाव. बाई सगळ्यांना उधार देणारी आणि स्वतः कर्जात. प्रेमा पुरव मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तिलढ्यातल्या कार्यकर्त्या. त्यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं मिळवून दिली. सावकारी व्याज तुटलं. पण १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि खानावळीचं गिऱ्हाईकच गावी परतू लागलं. कर्ज स्वस्त होऊन काय उपयोग, सगळी ताटं एकाच धंद्याच्या जिवावर वाढलेली असतील तर? आज एखादीची सगळी विक्री फोनवरच्या एका ॲपमधून येत असेल तर तिनं हा संप आठवून पाहावा.

सरकारी बाजू मला वाटायची तेवढी भयंकर नाही. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांना साधी नोंदणी पुरेशी ठरवली, तिचं शुल्क तेव्हा शंभर रुपये होतं. घराच्याच एका भागात धंदा असेल आणि वीज महिन्याला तीनशे युनिटांच्या आत असेल, तर घरगुती दरच लावण्याची सवलत महाराष्ट्राच्या वीज नियामक आयोगानं आपल्या दर-आदेशांत दिलेली आहे. हे बऱ्याच जणींना माहीत नसतं आणि सोसायटीचे सेक्रेटरी ‘कमर्शिअल’ हा शब्द उच्चारून त्यांना घाबरवतात. आमच्या मामीलाही तळणाच्या वासाबद्दल चिठ्ठी आली होती. तिनं चिठ्ठीसोबत पाव किलो चकली परत पाठवली. प्रकरण मिटलं, पण पाव किलो वहीत कुठे लिहायची?

सरकारपेक्षा घरातलीच वाक्यं धंद्याला जड जातात. ‘तू घरीच असतेस ना, मग गॅसवाला आला तर बघ.’ ‘घरीच आहेस तर आत्याला दवाखान्यात घेऊन जा.’ दुकानाला शटर असतं, ते खाली ओढता येतं. घराची बेल रात्री साडेदहालाही वाजते आणि दारात उभ्या बाईला अर्धा किलो शेव हवी असते. ऐन तळणीच्या दिवशी पाहुणे येतात, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. पुरुष घरून काम करतो तेव्हा खोलीचं दार लागतं, मुलांना दटावलं जातं, चहा आत जातो. २०२० साली हे आपण घरोघरी पाहिलं. चकली पाडणाऱ्या बाईच्या खोलीला दारच नसतं, कारण ती खोली स्वयंपाकघर असते, आणि तिथे सगळ्यांनाच पाणी प्यायला यायचं असतं.

गेल्या दिवाळीआधी मी मामीला वहीत दोन रकाने आखून दिले : घर आणि सासूबाई. भाव ५६० वर गेला. सहा गिऱ्हाइकं समोरच्या इमारतीत गेली, त्यांतली दोन भाऊबीजेला अर्धा-अर्धा किलो मागायला आली. एकूण एकतीस किलो खपली. मामी महिनाभर माझ्याशी फोनवर तुटक बोलत होती, आणि खरं सांगायचं तर माझा सल्ला बरोबर होता की नाही, हे मलाही एका मोसमावरून ठरवता येत नाही.

सासूबाईंच्या रकान्यातले दोन हजार मामीनं पाकिटात घालून त्यांच्या हातात दिले. त्यांनी चष्मा लावला, नोटा दोनदा मोजल्या, पाकीट उशीखाली सरकवलं आणि विचारलं, ‘आणि मागच्या वर्षीचे?’