भांड्यातले मरण

शास्त्रपाठ : २ राजे ४:३८-४१



गिलगालात दुष्काळ होता. संदेष्ट्यांच्या शिष्यांसाठी मोठे भांडे चुलीवर चढले. एकाने रानातून ओटीभर अनोळखी फळे आणली आणि चिरून त्यात टाकली. त्याच्या मनात कपट नव्हते. पण ती फळे कसली, हे त्याला ठाऊक नव्हते. लोक जेवायला बसले आणि ओरडले की, या भांड्यात मरण आहे!

सन २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या छिंदवाडा भागात असेच मरण खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून घरोघर गेले. साधा ताप-खोकला झालेल्या लेकरांची लघवी बंद पडली, मूत्रपिंडे निकामी झाली. कित्येकांना धावपळ करून नागपूरला नेले. वीसहून अधिक बालके दगावली. त्यांत आपल्या पांढुर्णा जिल्ह्यातलेही एक होते. तपासणीत त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के निघाले. मर्यादा ०.१ टक्क्याची आहे. त्या आयांना दोष देऊ नका. बहुतेकींनी डॉक्टरांनी लिहून दिलेलेच विश्वासाने पाजले होते.

काही जण म्हणतात, “प्रगत देशांत असे होत नाही, आपले नशीबच खोटे.” हे खरे नव्हे. सन १९३७ मध्ये अमेरिकेत याच द्रव्याने शंभरहून अधिक माणसे मेली. त्यांत पुष्कळ मुले होती. पुढच्याच वर्षी तेथे कायदा झाला की, औषध सुरक्षित आहे हे दाखविल्यावाचून नवे औषध विकता येणार नाही. तेथील माणसे आपल्याहून नीतिमान होती असे नव्हे. त्यांनी ओरड ऐकली आणि ती विसरू नये म्हणून कायद्यात लिहून ठेवली. आपल्याकडेही १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने १४ रोगी दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांनी चौकशी केली. सन २०२२ मध्ये भारतात बनलेल्या औषधांचा संबंध आफ्रिकेतील गांबियाच्या सुमारे ७० बालकांच्या मृत्यूशी जोडला गेला. ओरड पुन्हा पुन्हा झाली. आपण पुन्हा पुन्हा झोपी गेलो.

अलीशाने काय केले ते पाहा. “देवाची इच्छा, गप्प खा,” असे तो म्हणाला नाही. भुकेल्यांना उपाशीही उठविले नाही. त्याने पीठ मागवले, भांडे निर्दोष झाले आणि सर्व जेवले. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे, असे नीतिसूत्रे ११:१ शिकविते. पिंपातले द्रव्य न तपासता बाटलीवर मोहर उठविणाऱ्याचा तराजू खोटाच होय.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, हे आयांना जरूर सांगा. सर्दीच्या काही मिश्र औषधांवर, चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना छापण्याचा आदेश डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने दिला आहे. लहान मुलांचा साधा खोकला बहुधा आपोआप बरा होतो. दुकानातून मनाने औषध आणू नका. औषधानंतर लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा आणि बाटली बरोबर न्या.

गिलगालात लोक ओरडले म्हणून वाचले. शेजाऱ्याच्या लेकरासाठी आपण ओरडणार की नाही? प्रभू आपल्याला जागे ठेवो. आमेन.