पितृऋण आणि पाळणा

मुलाच्या संगोपनाची कामे नवरा-बायकोने न्यायाने कशी वाटून घ्यावीत, ही चर्चा आपल्याकडे बहुधा बायकोच्या थकव्यापासून सुरू होते. ती नोकरी करते, स्वयंपाक करते, रात्री तीन वेळा उठते, तेव्हा नवऱ्याने थोडा हातभार लावावा, असे म्हटले जाते. ही भूमिका सहानुभूतीची आहे आणि तिच्यामुळे काही घरांत फरकही पडला आहे. पण काम मूळचे आईचे आणि बाप ते तिच्यासाठी हलके करतो, असे तिच्या तळाशी गृहीत धरलेले असते. खरा अन्याय या गृहीतात आहे, असे मला वाटते. तो दूर करायचा तर नवरा-बायकोच्या हिशेबाआधी बाप आणि मूल यांच्या नात्याकडे पाहायला हवे. त्यासाठी लागणारी कल्पना आपल्याच परंपरेत आहे. ती ऋणाची कल्पना.

तैत्तिरीय संहितेत म्हटले आहे की ब्राह्मण तीन ऋणे घेऊन जन्मतो. ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने म्हणजे अध्ययनाने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे प्रजेने म्हणजे संततीने फिटते. तिथे बोलणे एका वर्णाच्या पुरुषापुरतेच आहे, हे लपवण्याचे कारण नाही. शतपथ ब्राह्मणाने मात्र ही कल्पना दोन अंगांनी मोठी केली. जो कोणी अस्तित्वात आहे तो ऋणी म्हणूनच जन्मतो, असे ते सांगते आणि तीन ऋणांत चौथे, माणसांचे ऋण मिळवते. हे चौथे ऋण फेडायचे ते माणसाला आसरा आणि अन्न देऊन. पितरांचे आणि माणसांचे, या दोन ऋणांना एकत्र ठेवून वाचले तर पितृऋणाचा अर्थ नुसता वंश चालवण्यापुरता उरत नाही. घरात आलेल्या तान्ह्या बाळाइतका आसऱ्याचा आणि अन्नाचा गरजू माणूस दुसरा नसतो. त्याला स्वतःहून कूसही बदलता येत नाही. आज ताठ उभा असलेला प्रत्येक माणूस एकेकाळी तसाच होता आणि कोणीतरी त्याची शी-शू काढली, त्याला न्हाऊ घातले, तापात मांडीवर घेऊन रात्र काढली, म्हणूनच तो उभा आहे. हे देणे ज्यांचे त्यांना परत करता येत नाही. म्हाताऱ्या आईवडिलांची सेवा वेगळी आणि ती करायचीच, पण तान्हेपणी मिळालेले तान्ह्यालाच देता येते. पितरांचे ऋण प्रजेने फिटते या वचनाचा मला दिसणारा अर्थ हा आहे. मूल जन्माला आले की ऋण फिटले असे नव्हे. मूल जन्माला आले की ते फेडण्याची संधी सुरू झाली.

अर्थ असा घेतला की पुढची गोष्ट ओघाने येते. हे ऋण ज्याचे त्यानेच फेडायचे असते. बापही कधी तान्हा होता, त्यालाही कोणी वाढवले. त्याचे देणे त्याच्या बायकोच्या जागरणाने फिटणार नाही, कारण ती तिचे देणे फेडते आहे. धर्मशास्त्राला ही व्यक्तिगतता चांगली ठाऊक होती. पिंडदानाचा अधिकार कोणाचा, तो नसेल तर कोणाचा, यावर निबंधकारांनी पानेच्या पाने लिहिली आहेत. मेलेल्या पितरांच्या बाबतीत इतका काटेकोरपणा दाखवणारी परंपरा जिवंत लेकराच्या बाबतीत ढिली पडली. पत्नी ही सहधर्मचारिणी असल्याने तिने केलेले पतीच्या खात्यावर जमा होते, असे कोणी म्हणेल. पण सहधर्माचे रूप आपण दर सत्यनारायणाला पाहतो. नवरा पाटावर बसून स्वतः उपचार करतो आणि शेजारी बसलेली बायको त्याच्या हाताला हात लावते. पाट रिकामा ठेवून पुण्य मिळत नाही. संगोपनात कर्ता बदलून ती करणारी झाली असे मानले, तरी हाताला हात लावण्याइतके तरी त्याने तिथे असायला हवे.

जुने ग्रंथ बापाला पूर्ण बाहेर ठेवतात असेही नाही. जातकर्मात बापाने नवजात बाळाला मध आणि तूप चाटवायचे असते, चौथ्या महिन्यात त्याला घराबाहेर नेऊन सूर्य दाखवायचा असतो, सहाव्या महिन्यात पहिला घास भरवायचा असतो. गृह्यसूत्रांत ही कामे बापाची आहेत. पहिला घास बापाचा, तर त्यानंतरचे हजारो घास कोणाचे? त्याचे उत्तर मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात मिळते. संततीला जन्म देणे, जन्मलेल्याचे पालन आणि रोजचा संसार यांचा प्रत्यक्ष आधार स्त्री आहे, असे तिथे म्हटले आहे. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात आई गौरवात हजार बापांहून मोठी ठरते. आणि पुन्हा नवव्या अध्यायातच बीज आणि क्षेत्र यांचा वाद येतो, ज्यात सामान्यपणे बीजाला श्रेष्ठ ठरवले आहे. आईला गौरव, आईलाच श्रम आणि बापाला मालकी, अशी ही वाटणी आहे. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी ज्या ग्रंथाची होळी झाली, तो केवळ जातीच्या उतरंडीचा ग्रंथ नव्हता, हे अशा ठिकाणी कळते. ही वाटणी आधुनिक कायद्यातही उतरली. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने नैसर्गिक पालक म्हणून आधी बापाला आणि त्याच्यानंतर आईला मानले, मात्र पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे ठेवला. सह्यांचा अधिकार त्याचा, सांभाळ तिचा. बाप हयात असतानाही आई पालक म्हणून काम करू शकते, हे स्पष्ट व्हायला गीता हरिहरन खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा १९९९ चा निकाल यावा लागला.

आजची स्थिती काय आहे? केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालवापर सर्वेक्षणात १५ ते ५९ या वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रियांनी घरातल्या माणसांची, म्हणजे मुले, वृद्ध, आजारी यांची देखभाल केल्याचे आढळले. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के होते. ज्यांनी देखभाल केली त्यांच्यातही स्त्रियांचा दिवसाला सुमारे १४० मिनिटांचा वेळ गेला आणि पुरुषांचा ७४ मिनिटांचा. ही सरासरी फक्त देखभाल करणाऱ्यांची आहे. ज्या पुरुषांनी त्या दिवशी काहीच केले नाही, ते या ७४ मिनिटांत नाहीत. शिवाय मिनिटांत न मावणारे बरेच काही राहते. लस कधी द्यायची, दूध संपत आले आहे, खोकला आज वेगळा वाटतो, पाळणाघराची वेळ बदलली, हे सगळे सतत डोक्यात बाळगणे हेही काम आहे. सांगितल्यावर बाळाला फिरवून आणणाऱ्या बापाचे पाय चालतात, पण लक्ष ठेवण्याचा भार सांगणारीवरच राहतो. म्हणून न्यायाचे माप तासांत घेणे पुरेसे नाही. न सांगता कोणाच्या लक्षात येते, हे पाहायला हवे.

यावर सर्वांत जुना आक्षेप असा की बाप कमावतो, तो त्याच्या परीने फेडतोच. पैशाला मी हलके लेखत नाही. कित्येक बाप मुलांसाठी दोन दोन पाळ्या करतात, परगावी एकटे राहतात. पण मग हा नियम दोघांना सारखा लागू व्हायला हवा होता. आई कमावू लागली की तिची संगोपनातून सुटका होत नाही. फार तर ते काम तिची आई, सासू किंवा पगारी बाई यांच्याकडे जाते, म्हणजे एका स्त्रीकडून दुसरीकडे. साठी उलटलेल्या आजीने स्वतःची मुले वाढवून आपले ऋण केव्हाच फेडलेले असते. नातवाचे ती प्रेमाने करते, तरी त्या प्रेमावर मुलाचे किंवा जावयाचे देणे ढकलणे योग्य नव्हे. आणि मिळाले होते त्या जातीचेच परत करावे, असा ऋणाचा धर्म आहे. आपल्याला लहानपणी अन्न-वस्त्राइतकीच कोणाची तरी झोप आणि कोणाचे तरी लक्ष मिळाले होते. त्या वाट्याची भरपाई पगाराने होत नाही.

दुसरा आक्षेप निसर्गाचा, आणि तो गंभीरपणे घेण्यासारखा आहे. गर्भ आई वाहते, दूध आई पाजते. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्या काळात वाटणी सारखी असू शकत नाही आणि तशी मागणीही कोणी करू नये. उलट बाळंतिणीच्या वाट्याला हे जास्तीचे आलेच आहे, म्हणून बाकीचे दुसऱ्याने जास्त उचलावे, हा निष्कर्ष त्यातून निघतो. ढेकर काढणे, आंघोळ, दुपटी धुणे, रडणाऱ्याला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालणे, यातल्या कशालाही दूध लागत नाही. पुरुषाचे शरीर या कामासाठी घडलेलेच नाही, या समजुतीलाही आता आधार उरलेला नाही. फिलिपिन्समधल्या सेबू इथे ली गेट्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६२४ पुरुषांवर केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. बाप झालेल्यांमध्ये टेस्टोस्टेरॉन लक्षणीय घटलेले दिसले आणि दिवसाला तीन तास किंवा अधिक वेळ मुलाची देखभाल करणाऱ्यांत ते, अजिबात देखभाल न करणाऱ्या बापांपेक्षा कमी होते. मध्य आफ्रिकेतल्या आका या वनवासी समाजात बॅरी ह्युलेट यांना असे बाप आढळले की जे दिवसातला जवळजवळ निम्मा वेळ तान्ह्या मुलाला घेऊन किंवा त्याच्या हाताच्या अंतरावर असतात. बाळाचे करता करताच माणूस बाळाचे करण्याजोगा होतो. आईही पहिल्या दिवशी शिकाऊच असते. फरक इतकाच की तिला नाही म्हणण्याची मुभा नसते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तो धर्माच्या भाषेत येतो. प्रेमात हिशेब आणू नका, निष्काम बुद्धीने करा, असे तो सांगतो. पण गीतेने फळाची आस सोडायला सांगितले आहे, कर्म दुसऱ्याच्या अंगावर टाकायला नव्हे. तिसऱ्या अध्यायात भगवंत स्वतःचेच उदाहरण देतात की तिन्ही लोकांत मिळवायचे काही उरले नसताना मी कर्मात आहे. त्याच अध्यायात, ज्यांच्याकडून मिळाले त्यांना न देता नुसता उपभोग घेणाऱ्याला सरळ चोर म्हटले आहे. तिथे संदर्भ यज्ञाचा आणि देवांचा आहे, हे मान्य. तरी घेणे आणि परत देणे यांच्या चक्राची जी कल्पना तिथे आहे, ती मुलांच्या संगोपनाला जशी लागू पडते तशी क्वचितच कशाला पडत असेल. दोघे आपापले मनापासून करतात, त्या घरात हिशेब मांडण्याची वेळच येत नाही. हिशेब नको, हे म्हणण्याचा अधिकार कमी केलेल्याला नाही. जास्त केलेल्याने म्हटले तर ते औदार्य. ते औदार्य आईकडून गृहीत धरणे म्हणजे तिच्या निष्कामतेवर आपला आळस पोसणे होय.

वारकरी परंपरेने या बाबतीत शास्त्रापेक्षा मोठे मन दाखवले आहे. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईच्या जात्यावर देव स्वतः दळायला बसतो. पैठणच्या एकनाथांची कथा तर घरोघरी माहीत आहे. गोदावरीच्या तापलेल्या वाळूत रडणाऱ्या महाराच्या लेकराला नाथांनी कडेवर घेतले आणि त्याच्या घरी पोचवले. ही कथा जातिभेद ओलांडण्याची कथा म्हणून सांगितली जाते आणि ते बरोबरच आहे. पण त्या दुपारी नाथांनी आणखी एक रेषा ओलांडली, तिच्याकडे कीर्तनात फारसे लक्ष जात नाही. रडते मूल उचलणे हे बाईचे काम, म्हणून ते कोणा बाईची वाट पाहत थांबले नाहीत. ज्याच्या कानावर रडणे आले, काम त्याचे. संतत्वाच्या कसोटीत बसणारी ही कृती गृहस्थाच्या कर्तव्यात का बसू नये?

एक अडचण मात्र आईच्या बाजूनेही येते. बापाने बाळाला हातात घेतले की तुम्हाला जमणार नाही, द्या इकडे, असे अनेकदा ऐकू येते. तिच्यावर याचा दोष ठेवताना सावध राहायला हवे. ज्या घरात पैशाच्या, जमिनीच्या, नात्यागोत्याच्या निर्णयांत तिला विचारले जात नव्हते, तिथे मूल हीच तिची एकमेव सत्ता होती. ती सोडायची तर बाकीच्या सत्तेत वाटा मिळायला हवा. तरी तिनेही हे मान्य करायला हवे की बाप दुपटे वाकडे गुंडाळेल, घास मोठा भरवेल, पण ते शिकण्यासाठी त्याला मोकळीक हवी. त्याचे देणे फेडण्याची वाट तिनेही अडवू नये.

आणि वाट सरकारही अडवते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी आईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि ती हवीच होती. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला मिळतात १५ दिवस. तिथली ७३० दिवसांची बालसंगोपन रजा स्त्रियांना आहे, आणि पुरुषांपैकी फक्त त्यांना, जे एकटे पालक आहेत. बायको आहे तोवर मूल बापाचे काम नाही, असे हा नियम न बोलता सांगतो. खासगी नोकरीतल्या बापाला तर रजेचा कायदेशीर हक्कच नाही, आणि रिक्षा चालवणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या बापाची रजा म्हणजे बुडालेली मजुरी. प्रसूतीचा भार समाजाने उचलावा, हे डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले आणि पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात प्रसूती-लाभाचा कायदा झाला. बापासाठी स्वतंत्र, पगारी, आईच्या नावावर न वळवता येणारी रजा मागणे हे त्याच मागणीचे पुढचे पाऊल आहे, आणि ती रजा देवळातल्या प्रवचनांतून, कीर्तनांतूनही मागितली जायला हवी.