कौल आणि अंदाज

कोरगावातील आमच्या जुन्या घरांतून मृग लागण्यापूर्वी पंचांगात नक्षत्राचे वाहन पाहण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. बेडूक वा म्हैस निघाली तर पाऊस भरपूर, कोल्हा वा गाढव निघाले तर बेताचा, असा समज. अंदाज चुकला तरी पंचांगकर्त्याला कोणी जाब विचारला नाही. कारण त्या भाकितामुळे कोणी कोणाचे काही देणे लागत नव्हते. आज भाकिताचे काम शास्त्राकडे गेले आहे आणि त्यासोबत हा देण्याचा प्रश्नही आपल्यापुढे उभा राहिला आहे.

शास्त्राची झेप आता पावसापुरती उरलेली नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील संशोधकांनी जानेवारी २०२५ मध्ये पुणे शहरातील डेंग्यूविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. माफक पाऊस डासांना पोसतो, तर आठवड्याला १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस त्यांची अंडी व अळ्या धुऊन नेतो. तापमान, पाऊस आणि आर्द्रता यांच्या अशा संबंधांवरून साथीची चाहूल सुमारे दोन महिने आधी लागू शकते, असे त्यात दिसून आले. पुराचेही तसेच. उंदरांच्या मूत्रातील लेप्टोचे जंतू साचलेल्या पाण्यातून माणसाच्या पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईने ते अनुभवले. अतिवृष्टीचा अंदाज हा अशा रीतीने आजाराचाही अंदाज ठरतो.

जोवर कळत नव्हते, तोवर संकटाला दैव म्हणता येत होते. अगोदर कळू लागले, की त्याच संकटात कोणाचे तरी कर्तव्य शिरते. ते कर्तव्य कोणाचे, हाच आमचा प्रश्न आहे. इशारा ज्याच्या कानी पडला त्यानेच सावध राहावे, असे म्हणणे सोपे आहे. पण ऐकणे आणि त्याप्रमाणे वागणे यांच्यामध्ये पोटाची खळगी असते.

याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात प्रथम ओळखला गेलेला माकडताप २०१५ मध्ये सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात आला. पाऊस सरून रान वाळू लागले, की गोचिडींची पिल्ले बाहेर पडतात; डिसेंबर ते मे हा या तापाचा काळ. काजूचा हंगामही नेमका त्याच दिवसांत असतो. ‘रानात जाऊ नका’ हा सल्ला शास्त्रदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु बोंडू वेचणाऱ्या बाईच्या दृष्टीने त्याचा अर्थ वर्षाची कमाई सोडून द्या, असा होतो. इशारा एक, आणि त्याची किंमत मात्र भाटकाराला वेगळी व मजुराला वेगळी.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात मुंबईच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडून अनेक कामगार दगावले. वादळाची सूचना आधीच दिलेली होती. पण तराफ्यावरच्या कामगाराला आपल्या मर्जीने किनारा गाठता येत नव्हता.

या बाबतीत आपल्या परंपरेकडे एक शिकवण आहे. मालवण तालुक्यातील आचऱ्यात रामेश्वराचा कौल झाला, की गावपळणीसाठी अवघा गाव गुराढोरांसह तीन दिवस वेशीबाहेर राहतो. त्यामागील श्रद्धा कोणी मानो वा न मानो, त्या व्यवस्थेतील नीती मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे: कौल साऱ्या गावाला सारखाच बांधतो. धनिकाचे घरही रिकामे होते आणि गरिबाची चूलही वेशीबाहेर सगळ्यांसोबत पेटते. शास्त्राचा अंदाज कौलापेक्षा कितीतरी अधिक विश्वासार्ह. परंतु तो कोणालाच बांधत नाही. प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे त्याचा अर्थ लावावा, एवढेच तो सांगतो.

अंदाज चुकला तर, असा आक्षेप कोणी घेईल. शास्त्र शक्यता सांगते, निश्चिती नव्हे. काही इशारे व्यर्थ जाणारच, आणि ते वारंवार व्यर्थ गेले, तर लोकांचा विश्वास उडेल. आक्षेप खरा आहे. परंतु व्यर्थ गेलेल्या इशाऱ्याचा खर्च सर्वांनी वाटून घेतला, तर तो सोसवतो; एकट्या मजुरावर पडला, तर पुढच्या वेळी तो इशाऱ्याकडे पाठ फिरवील, आणि त्यात त्याला दोष देता येणार नाही.

आमच्या वाचकांपैकी अनेकांची भाटे आहेत, काजूच्या बागा आहेत, मळ्यात चिखलात उतरणारी माणसे आहेत. धोक्याच्या दिवसांत त्यांना घरी बसवून मजुरी देणे, कामावर पाठवलेच तर अंगभर कपडे व गुडघ्यापर्यंतचे बूट पुरवणे, ताप येताच त्याच दिवशी आरोग्यकेंद्रात नेणे, हे आमच्या मते दानधर्मात मोडत नाही. अगोदर कळल्यामुळे अंगावर आलेले ते देणे आहे. सरकारचा वाटा मोठा, हे खरेच. पण तो येईपर्यंत आपला वाटा थांबवून ठेवण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.