पहिलं काय पाहू?

कर्जतहून मुंबईला नोकरीला जाणाऱ्याच्या पदरात रोज चार तास पडतात. दोन जायचे, दोन यायचे. आमच्या डब्यात कोणी भजन म्हणतं, कोणी पत्ते कुटतं, बरेचसे मान टाकून झोपतात. मुलगी नववीत गेली आणि घरात जेवताना जपानी नावं ऐकू येऊ लागली, तेव्हा मी ठरवलं की हे तास ॲनिमेला, म्हणजे जपानी ॲनिमेशनला द्यायचे. पण सुरुवात कुठून करायची?

खोपोलीच्या भाच्याला फोन लावला. ‘मामा, वन पीस. दुसरं काही बघूच नका.’ भाग किती, तर अकराशेच्या वर. ‘पहिले तीसचाळीस जरा सोसा, मग पकडतं.’ एक भाग साधारण २४ मिनिटांचा धरला तर ११०० भागांचे ४४० तास, म्हणजे लोकलचे ११० दिवस. हा हिशेब मी त्याला ऐकवला, तर तो दुखावला. त्याने ही मालिका २०२० साली, टाळेबंदीत, दोन खोल्यांच्या घरात सहा माणसांच्या मधे बसून, कानात बोंडं घालून पाहिली होती. वन पीसचं नाव घेताना त्याच्या डोळ्यांपुढे ते समुद्र आणि ती जहाजं येतातच, पण तो उन्हाळाही येत असणार. मला तो उन्हाळा कुठून मिळायचा?

नेरळला चढणारा एक इंजिनीअरिंगचा मुलगा रोज माझ्या गुडघ्यांना टेकून उभा असतो. त्याचा कौल ‘फुलमेटल अल्केमिस्ट : ब्रदरहुड’ला. ६४ भाग, सात दिवसांत संपतील. ‘पण काका, हिंदी डब अजिबात नको. जपानीच ऐका आणि खाली इंग्रजी वाचा.’ बदलापूरनंतर कोणाची तरी पाठपिशवी नाकाशी येते, मोबाईल छातीला चिकटतो आणि खालची अक्षरं मुंगीएवढी होतात, हे त्याच्या तरुण डोळ्यांना कसं कळावं! आणि डबिंगला नाक मुरडायचं तर त्याचं स्वतःचं बालपणही बाद होईल. २००५पासून इथल्या पोरांनी डोरेमॉन हिंदीतच ऐकला. माझंही तेच. १९९३ साली रविवारी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागायचं, ते मुळात जपानी हे मला पंचेचाळिशीत कळलं. मूळ शेरखान कसा बोलतो ते मी मुद्दाम ऐकलं. नाही पटला. आमचा शेरखान नाना पाटेकरांच्याच आवाजात गुरगुरणार. हा निव्वळ पक्षपात आहे, आणि तो सोडायची माझी तयारी नाही.

ऑफिसातल्या एकाने ‘डेथ नोट’ सांगितली, ३७ भाग, पण पंचविसाव्याला थांब म्हणाला. दुसरा म्हणाला, ‘घिब्ली स्टुडिओचं काहीही लाव, डोळे मिटून.’

त्या ‘काहीही’ने घात केला. शनिवारी रात्री सगळे बसलो आणि लावला ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’. १९४५, कोबे शहरावर बॉम्ब पडताहेत, आई गेलेली, एक मुलगा आणि त्याची चिमुरडी बहीण. तिच्याकडे गोळ्यांचा पत्र्याचा डबा असतो. गोळ्या संपल्यावर भाऊ त्यात पाणी घालून हलवतो आणि तेच गोड पाणी तिला पाजतो. तिथे माझी बायको उठून स्वयंपाकघरात गेली. भांडी घासलेलीच होती, ती पुन्हा घासल्याचा आवाज येत राहिला. सोमवारी मित्राला जाब विचारला, तर तो चकित. त्याच्या मनातलं घिब्ली म्हणजे ‘तोतोरो’ : हिरवी शेतं, दोन बहिणी, झाडातला केसाळ प्राणी. गंमत अशी की दिग्दर्शक ताकाहातांचा तो सिनेमा आणि दिग्दर्शक मियाझाकींचा ‘तोतोरो’ एकाच दिवशी, १६ एप्रिल १९८८ला, जोडखेळ म्हणून एकत्रच लागले होते. तेव्हा एकाच तिकिटात दोन्ही मिळायचे. माझ्या मित्राने त्यातलं अर्धंच तिकीट फाडलं होतं.

त्याच्यावर चिडायचा मला मात्र हक्क नव्हता. वीसेक वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने विचारलं होतं, ‘तू कर्जतचा ना? पहिलाच ट्रेक आहे, सोपं काहीतरी सांग.’ मी छातीठोकपणे ढाकचा बहिरी सांगितला. सांडशीवरून चढायचं, घळीतून उतरून कातळाच्या कडेने आडवं जायचं आणि शेवटी दोर धरून गुहेत शिरायचं. मी इतक्या वेळा गेलो होतो की खाली दरी आहे हेच विसरलो होतो. बिचारा त्या दोराला धरून अर्धा तास जागचा हलला नाही. त्याला पेठचा कोथळीगड सांगायला हवा होता. तिथे सुळक्याच्या पोटातूनच पायऱ्या खोदलेल्या आहेत. पण ढाक माझा लाडका. ‘सोपा आहे’ म्हणताना मी खोटं बोलत नव्हतो, नुसता प्रेमात होतो.

मुलीला मी सगळ्यांत शेवटी विचारलं. ती म्हणाली, ‘बाबा, तुम्ही कबड्डी खेळायचात ना? मग हायक्यू बघा.’ शाळेचा व्हॉलीबॉल संघ, ८५ भाग. ती स्वतः शाळेच्या संघात आहे, तेव्हा माल तिच्याच दुकानातला. पण त्यातला हिनाता बुटका आहे. तो जीव तोडून उडी मारतो, समोरचे तिघे त्याच्यापुढे हात उभारतात आणि चेंडू भलताच कोणीतरी मारतो. ही हूल आहे. आमच्या मैदानावर मी, पाच फूट तीन इंच, आयुष्यभर हेच केलं आणि टाळ्या नेहमी दुसऱ्याला पडल्या. शेलू-वांगणीच्या दरम्यान केव्हातरी डोळे भरून आले. नेरळवाल्या मुलाने सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं.

परवा दहिवलीचे एक ओळखीचे भेटले. आईचे गुडघे गेलेत, पंच्याहत्तरीची म्हातारी दिवसभर खिडकीशी बसून कंटाळते, म्हणाले, नातवाने टीव्हीला नेट जोडून दिलंय, तिला लावून द्यायला काही सुचव.

‘हायक्यू,’ मी म्हणालो. ‘फक्त पहिले तीनचार भाग सोसायला सांगा.’