सीमारेषेवरचे गाव : धूसर संकल्पना आणि निर्णयाची नैतिकता

संकल्पनेला निश्चित सीमा असते काय, हा प्रश्न तर्कशास्त्राइतकाच जुना आहे. युब्युलिडीझच्या प्रसिद्ध कूटात धान्याच्या ढिगातून एकेक दाणा काढत गेल्यास ढीग नेमका कोणत्या दाण्याला संपतो, हे सांगता येत नाही. हिंगोली जिल्ह्यातील खरिपाच्या गावांना हे कूट पैसेवारीच्या रूपाने भेटते. पीक कापणी प्रयोगातून आलेले उत्पन्न प्रमाण उत्पन्नाशी ताडले जाते आणि आकडा ५० पैशांच्या आत राहिला की गाव टंचाईग्रस्त ठरते. ४९ पैशांचे गाव आत, ५१ पैशांचे बाहेर. शिवार एकमेकांना लागून, जमीन तीच, पाऊसही बहुधा तोच. आणि तरी एकाच शब्दाने दोघांचे प्राक्तन वेगळे होते.

लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या धूसर संचाच्या कल्पनेत सदस्यत्व हे ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे नसून शून्य ते एक यांमधील मात्रा असते. ३० पैसे व त्याखाली पूर्ण दुष्काळ, ७० पैसे व त्यावर मुळीच नाही आणि मधे सरळ उतरणारी रेषा असे मानले, तर ४९ पैशांच्या गावाची मात्रा ०.५२५ येते आणि ५१ पैशांच्या गावाची ०.४७५. वास्तवातील जवळीक आता आकड्यातही दिसते.

यंत्राला अर्थ समजावा, या आकांक्षेने उभ्या राहिलेल्या सिमँटिक वेबपुढेही हाच पेच आला. २००४ मध्ये प्रमाणित झालेल्या ओडब्ल्यूएल या भाषेत ‘दुष्काळग्रस्त गाव’ हा वर्ग केला, तर विधान खरे किंवा खोटे एवढेच असू शकते. माहिती अपुरी असेल तर निष्कर्ष निघत नाही, परंतु ‘काहीसे खरे’ असा पर्याय तेथे नाही. उंबेर्तो स्त्राच्चा यांनी १९९८ पासून विकसित केलेल्या धूसर वर्णनतर्कात मात्र ‘हे गाव किमान ०.५ इतके दुष्काळग्रस्त आहे’ असे विधान करता येते. येथे धूसरता आणि अनिश्चितता यांची गल्लत टाळली पाहिजे. ‘पाऊस पडण्याची शक्यता ०.५’ हे आपल्या अज्ञानाचे माप आहे. पाऊस पडून गेल्यावर ते संपते. दुष्काळाची ०.५ ही मात्रा सर्व माहिती हाती आल्यावरही तशीच राहते. ती संकल्पनेचीच प्रकृती आहे.

ही प्रकृती मराठीला अपरिचित नाही. ‘लालसर’, ‘ओलसर’, ‘पिवळट’ ही रूपे मात्रेचाच निर्देश करतात. परंतु भाषा गणितापुढे एक अडचणही ठेवते. झादे यांनी ‘कमीअधिक प्रमाणात’ या अर्थाच्या विशेषकासाठी मात्रेचे वर्गमूळ सुचवले. एकचे वर्गमूळ एकच. म्हणजे पूर्ण लाल वस्तू पूर्णपणे ‘लालसर’ही ठरावी. मराठी भाषक तसे म्हणणार नाही. ‘लालसर’ म्हणण्यात ‘लाल नव्हे’ हा नकार गर्भित असतो. अर्थ मात्रेत मावतो, पण मात्रेने संपत नाही.

धूसर तर्कशास्त्रावरचा खरा आक्षेप मात्र नैतिक आहे. ३० आणि ७० हे आकडे कोणी ठरवले? एका रेषेऐवजी दोन आल्या, आणि ०.५२५ या आकड्याला एक अनाठायी नेमकेपणा आला. केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पर्जन्य, पेरणी, वनस्पतींची स्थिती, मृदेतील ओलावा असे अनेक निर्देशांक घेतले आणि ‘मध्यम’ व ‘गंभीर’ अशा पायऱ्या केल्या. परंतु प्रत्येक पायरीला पुन्हा कड असतेच. मदत श्रेणीनुसार कमी-अधिक देता येते. तरी ती कोठून सुरू व्हावी, हे कोणाला तरी ठरवावेच लागते.

मग या तर्कशास्त्राने साधले काय? द्विमूल्य व्यवस्थेत रेषा वस्तूमध्येच असल्याचा आभास होतो. ५१ पैशांच्या गावाला ‘येथे दुष्काळ नाही’ असे सांगितले जाते आणि तेथील हानी केवळ नाकारली जात नाही, ती अनामिकही होते. धूसर मांडणीत तेच गाव ०.४७५ इतके दुष्काळग्रस्त म्हणून नोंदीत उरते, आणि त्याला वगळणे हा शोध नसून निर्णय होता, हे उघड होते. शोधाचे समर्थन पुराव्याने होते. निर्णयाचे समर्थन निर्णय घेणाऱ्याला करावे लागते. संकल्पनेची धूसरता मान्य करणे म्हणजे जबाबदारी टाळणे, असे अनेकदा समजले जाते. वस्तुतः ती जबाबदारी कोणाची, हे त्या मान्यतेनंतरच विचारता येते.