मास्तर की मालक?

फ्रेंचमध्ये शाळामास्तरला ‘मेत्र’ म्हणतात. गुलामाच्या मालकालाही ‘मेत्र’च. वकील आणि नोटरी यांना आदराने हाक मारतानाही हाच शब्द येतो. फ्रेंचचे वर्ग लावले तेव्हा मला ही शब्दांची टंचाई वाटली होती. आता तसं वाटत नाही.

लॅटिनमध्ये दोन वेगळे शब्द होते. घराचा, गुलामांचा धनी तो ‘डोमिनुस’ आणि शिकवणारा तो ‘मागिस्टेर’. ‘मागिस’ म्हणजे अधिक. याच्या उलट ‘मिनुस’ म्हणजे उणे, आणि त्यावरून ‘मिनिस्टेर’ म्हणजे सेवक. ‘मागिस्टेर’ झिजत झिजत ‘मेत्र’ झाला आणि वाटेत धन्याचा अर्थही त्याच्याच पदरात पडला. आपल्याकडे याच कुळातले दोन शब्द आले: इंग्रजीतून मास्तर, पोर्तुगीजांकडून मेस्त्री. मालकीसाठी मात्र आपण ‘मालक’ हा अरबी शब्द वेगळा ठेवला. म्हणून आपल्याला वाटतं, की शिकवणं वेगळं आणि सत्ता वेगळी.

पण ज्याला अधिक कळतं, तो धनी होण्यापासून किती लांब असतो?

झाक राँसिएर या फ्रेंच तत्त्वज्ञाने 1987च्या ‘अडाणी मेत्र’ या अर्थाच्या नावाच्या पुस्तकात जोसेफ जाकोतोची गोष्ट सांगितली आहे. 1818 साली लूव्हाँमध्ये जाकोतोपुढे फ्लेमिश विद्यार्थी होते. त्यांना फ्रेंच येत नव्हतं, त्याला फ्लेमिश. त्याने एका फ्रेंच कादंबरीची द्वैभाषिक प्रत त्यांच्या हाती दिली. न समजावता मुलं फ्रेंच शिकली. राँसिएरचा निष्कर्ष बोचरा आहे: सतत समजावून सांगणारा मास्तर मुलाला हेही शिकवतो, की माझ्याशिवाय तुला कळणार नाही.

हे वाचलं आणि मला आमच्या टीममधला नवा मुलगा आठवला. त्याचा कोड तपासताना मी चुका दाखवून थांबत नसे, स्वतःच नीट लिहून टाकत असे. वेळ वाचायचा. वर्षभराने एका साध्या निर्णयाबद्दल त्याचं मत विचारलं, तर म्हणाला, “सर, तुम्ही सांगाल तसं.” मला बरं वाटलं. ते बरं वाटणंच आता खुपतं.

मला अधिक येतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ते ‘अधिक’ त्याच्यापर्यंत पोचतंय की माझ्यापाशीच साठतंय, हे मला विचारावं लागेल. हल्ली मी नुसता प्रश्न लिहितो आणि थांबतो. थांबणं अवघड जातं.